कूलरच्या टाकीतली लाल बाटली

वाईन शॉपमध्ये माझी उभी हयात गेली, आणि वाईन ही काय चीज आहे ते मला अजून कळलेलं नाही. दिवाळी अंकासाठी 'धंद्यातले अनुभव लिहा' असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना हे आधीच बोललो. ते म्हणाले, "मग तेच लिहा." घरी आल्यावर आमच्या हिने पहिला प्रश्न विचारला, "खाली नाव टाकून राह्यले काय?" तिची काळजी खरी आहे. 'आमचे हे काउंटरवर असतात,' एवढंच तिने गल्लीत इतकी वर्षं सांगितलंय. लोक समजायचे बँकेच्या काउंटरवर, आणि तिने तो समज कधी मोडला नाही.

बाहेरच्या माणसासाठी आधी धंदा सांगतो. अकोल्यातलं आमचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक गाळा. पुढे लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, आणि वर 'वाईन शॉप' अशी मोठी पाटी. आत व्हिस्की, रम, बिअर रांगेने उभी. ज्या वाईनच्या नावाने दुकान चालायचं ती मात्र सगळ्यात वरच्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, धूळ खात. आमचे शेठ म्हणायचे, "राहू दे, शोभा येते." गिऱ्हाईक खिडकीशी यायचं, ओळखीचं कोणी नाही ना ते पाहायचं आणि तोंडाने काही न बोलता बोट दाखवायचं. मी चेहरा पाहूनच बाटली काढायचो, पेपरात गुंडाळायचो. जाताना माणूस पिशवी अशी धरायचा, की बघणाऱ्याला वाटावं आत कोथिंबीर आहे.

कोणी वाईन मागितली की माझी धांदल उडायची. स्टूल शोधा, वर चढा, देवाला हात जोडा, मग बाटली पुसा. आणि खाली उतरेपर्यंत गिऱ्हाईक काहीतरी असं विचारायचं, की माझ्याकडे उत्तर नसायचं.

पहिल्यांदा मला चक्रावून सोडलं ते बँकेतल्या एका साहेबांनी. पुण्याहून बदली होऊन आलेले, सरळ, सभ्य माणूस. ते रेड वाईन घ्यायला आले तो मे महिना होता. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. मला त्यांची दया आली. म्हटलं, "साहेब, थोडा वेळ बिअरच्या फ्रिजमदी टाकून देऊ काय?"

साहेब दचकलेच. "छे छे! रेड वाईन थंड नसते करायची. ती रूम टेम्परेचरलाच प्यायची असते."

मी वर पाहिलं. पंखा गरम हवा खाली फेकत होता. मी म्हटलं, "साहेब, कोनती रूम?"

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. खरं तर मी मनापासून विचारत होतो. ते बाटली घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तीच बाटली घेऊन परत आले. आतल्या उष्णतेने बूच वर सरकलं होतं आणि वाईनला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. व्हिस्कीचं बरं असतं. सीलबंद बाटली कशीही ठेवा, तिला काही होत नाही. वाईन मात्र दुधासारखी. ऊन लागलं की नासते, आणि उघडून ठेवली की चार-सहा दिवसांत आंबते. हे मला धंद्यात असूनही तोपर्यंत माहीत नव्हतं आणि साहेबांनाही नव्हतं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पुस्तकात तर तसंच लिहिलंय हो." आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून त्या बाटलीकडे पाहत राहिलो.

शेवटी मी दुसरी बाटली फ्रिजमध्ये गार करून त्यांना दिली. पुढच्या वेळी आले तेव्हा ते खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नका, पण थंडच छान लागते." मला कोणाला सांगायचं होतं? सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला त्यात लपवण्यासारखं काय आहे तेच कळलं नसतं.

मध्ये एक उन्हाळा शेठनी मला अमरावतीच्या दुकानात बसवलं. तिथे कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ आले. वरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, ही द्राक्षाची असते ना?"

"हो."

"धान्य काई नसते ना त्याच्यात?"

"नाई बाप्पा."

"मंग उपासाले चालते." प्रश्न त्यांचाच आणि निकालही त्यांचाच. बाटली घेऊन पायरी उतरले आणि परत वर आले. चेहरा गंभीर. "पन मंग संग फुटाने नाई चालनार. शेंगदानेच घ्या लागतीन." मी मान डोलावली. त्यांचं चुकत होतं असं मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग ते मोबाइलवरच्या निरोपांचे दिवस आले. 'रोज थोडी रेड वाईन हृदयाला हितकर' असं सकाळी यायचं, आणि 'एक थेंबसुद्धा घातक' असं संध्याकाळी. पाठवणारा बहुतेक एकच असायचा. लोक खिडकीतून फोन आत घालून मला विचारायचे, "खरं काय हाय याच्यातलं?" आमच्याकडे एक डॉक्टर गिऱ्हाईक होते, व्हिस्कीवाले. मी त्यांना गाठून विचारलं, "साहेब, द्राक्षाची वाईन दिलाले चांगली असते काय?" ते पिशवी बगलेत मारत म्हणाले, "द्राक्षं खात जा." आणि गेले. मला ते उत्तर बरोबर वाटलं, पण ती पिशवी पाहून पुन्हा घोटाळा झाला.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो.

आमच्या शेजारच्या गाळ्यात हारूनभाईंचं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान. पाच वेळचा नमाजी माणूस. आमचा बिअरचा फ्रिज बिघडला की ते दारात उभे राहून म्हणायचे, "पहले खाली करो भाऊ, फिर हात लावतो." आत बाटली असेपर्यंत फ्रिजला शिवायचे नाहीत, आणि दुरुस्त झाल्यावर माझ्याबरोबर बसून चहा प्यायचे. एकदा मी त्यांना छेडलं, तर म्हणाले, "थंडा करने का काम अल्लाने मेरेको दिया. क्या थंडा करना, वो तुमी पाहा."

एका उन्हाळ्यात दुपारी हेच हारूनभाई जाळीशी आले. "सुधाकरभाऊ, एक बहीन आल्या हायेत. मी माह्या दुकानात बसवलं. त्याईले ते लाल वालं पाहिजे. दिलासाठी."

मी गेलो. स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. तोंडाला दुपट्टा बांधलेला, फक्त डोळे उघडे. वऱ्हाडात उन्हाळ्यात सगळ्याच बाया तोंड बांधून फिरतात, त्यामुळे त्यात कोणाला वावगं दिसत नाही, आणि दारूच्या दुकानाशी यायचं असेल तर ती मोठीच सोय होते. हातात हिरव्या बांगड्या. हातांवरून शेतात राबलेल्या वाटल्या.

"तुमीच काय दारूवाले?"

"हो ताई."

"मले दारू नाई पाहिजे. वाईन पाहिजे, औषधाची."

त्यांचं नाव लताताई. नवरा मधुकरराव, घरातबाहेर सगळे मधुभाऊ म्हणायचे. गावाकडचं वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला देऊन दोघं अकोल्याच्या जुन्या शहरात राहायला आले होते. गल्लीतलं ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ताई मोर्णा नदीचा पूल ओलांडून आमच्या दुकानापर्यंत आल्या होत्या. हिवाळ्यात मधुभाऊंना हार्ट अटॅक आला होता.

"अमरावतीले दिलाच्या डाक्टरनं नळी टाकली, घरी आनलं. पन मानूस घाबरून गेला, दादा. अंगनात बी जात नाई. रातभर जागे. मी बी जागीच. त्याईची छाती हालून राह्यली काय, तेच पायत. मंग पुन्याहून भाच्याचा फोन आला. तो म्हने, मामाले रोज थोडीशी रेड वाईन द्या, दिल मजबूत होते."

"डाक्टरले विचारलं काय?"

"कसं विचारू? ते म्हनतीन, ही बाई नवऱ्याले दारू पाजून राह्यली."

मी त्यांना फिरकीच्या झाकणाची लहान बाटली काढून दिली आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. उन्हात ठेवू नका. गार करूनच द्या. उघडल्यावर लवकर संपवा. आणि देण्याआधी रोज चमचाभर चाखून पाहा, आंबली असेल तर फेकून द्या.

"मी चाखू?" दुपट्ट्यावरचे डोळे मोठे झाले.

"औषधच त हाय," मी म्हटलं. बोलून गेलो आणि माझं मलाच नवल वाटलं. आयुष्यभर विकलेल्या मालाला मी पहिल्यांदा औषध म्हटलं होतं.

काही दिवसांनी त्या रिकामी बाटली घेऊन परत आल्या. बाटलीवर कागदाचा तुकडासुद्धा नव्हता, धुऊन काढल्यासारखी कोरी. "अशीच द्या," म्हणाल्या.

"कागद कुठी गेला?"

"कूलरात निघून गेला."

मला काही समजेना. मग त्यांच्याच बोलण्यातून उलगडा झाला. फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध-दही असतं, तिथे ही बाटली ठेवायला त्यांचं मन तयार नव्हतं. पण मी तर गार करून द्या म्हटलं होतं. म्हणून त्यांनी ती कूलरच्या खालच्या टाकीत, पाण्यात बुडवून ठेवली होती. दिवसभर पंप ते पाणी वर चढवतो, पाणी खसाच्या ताट्यांवरून झिरपून पुन्हा टाकीत येतं आणि आपल्या कोरड्या हवेने चांगलं गार होतं. त्यात बाटली गार झाली होती आणि लेबल सुटून गेलं होतं.

मला राहवलं नाही. मी हारूनभाईंच्या दुकानात चालू असलेल्या कूलरच्या टाकीत एक सीलबंद बाटली सोडायला गेलो. ते म्हणाले, "तुमीच टाका, तुमीच निकाला. मले सांगू नका काय हाय त." संध्याकाळी बँकेचे साहेब आले तेव्हा त्यांना ती ओली बाटली दिली. फ्रिजसारखी हुडहुडी भरवणारी नाही आणि खोलीसारखी कढत नाही. दुसऱ्या दिवशी ते रस्त्यावरूनच हात उंचावत आले. "सापडली! पुस्तकात म्हणतात ती रूम हीच!" त्यांची रूम अखेर आमच्या वऱ्हाडातल्या कूलरच्या टाकीत निघाली.

लताताई मग येत राहिल्या. तोंड बांधलेलंच. हारूनभाईंच्या स्टुलावर बसायच्या, मी बाजूच्या दाराने बाटली नेऊन द्यायचो. एकदा विचारलं, "काई फरक?"

"झोप लागून राह्यली, दादा."

"त्याईले?"

"दोघाईलेबी."

मी फुशारून गेलो. घरी हिला सांगितलं, की आता मी अर्धा डॉक्टर झालो आहे. ही म्हणाली, "मंग गल्लीत सांगू काय?"

आणि मग एक दिवस त्यांच्या कूलरचा पंप अडकला आणि ताईंनी हारूनभाईंना घरी बोलावलं. दुपारी ते परत आले ते सरळ माझ्याकडे. चहा सांगितला नाही, नुसते उभे.

"भाऊ, टाकीमदून सिरक्याचा वास येऊन राह्यला. खाली लाल गाळ. मले वाटलं बाटली फुटली, पन बाटली त साबूत. पुरी टाकी घासून देली."

"मंग झालं काय?"

"दुसरी गोठ हाय. त्या बहीनचा घरवाला पाह्यला मी. मधुभाऊ. पहले बाजाराले गावाहून येत, अन् इथं मागच्या गल्लीत ठेका होता ना, त्याच्यासमोर पडून राहत. घरवाली ओढत नेत जाय. मंग सोडली. गळ्यात माळ घातली. इतके साल झाले, हात नाई लावला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तुळशीची माळ घातली म्हणजे दारू आणि मटण सुटलं. माळकऱ्याला लग्नात कोणी रश्श्याचाही आग्रह करत नाही. पिणाऱ्या माणसाने माळ घातली की घर पहिल्यांदा सुटकेचा श्वास टाकतं, आणि पुढे कायम त्या माळेकडे डोळा ठेवून असतं.

जाळीमागून मी दारू सोडलेली माणसं परत येताना पाहिली आहेत. ती एकदम येत नाहीत. आधी बिअर, तीसुद्धा उन्हाळा आहे म्हणून. मग कोणाच्या हळदीला म्हणून. पुढे बोट आपोआप जुन्या फळीकडे वळतं. आणि या माणसाला तर मी घरपोच पाठवत होतो, औषध म्हणून, त्याच्याच बायकोच्या हाताने.

पुढच्या खेपेला लताताई आल्या तेव्हा मी हात हलवत गेलो.

"संपली काय?" त्यांनी विचारलं.

"हाय. पन मी देत नाई. ताई, मधुभाऊले माळ हाय ना? पयले पेत होते ना?"

हारूनभाई एका स्क्रूवर एवढे वाकले की डोकं दिसेना.

"तुमी अमरावतीच्या त्या दिलाच्या डाक्टरले विचारा," मी म्हटलं. "ते हो म्हनले त मी स्वता घरी आनून देतो."

"विकनारे तुमी, अन् तुमीच नाई म्हनता?" त्या एकदम उठल्या. "दुकान कायले मांडलं मंग?"

त्या गेल्या. संध्याकाळी खिडकीशी नेहमीची गर्दी झाली. त्यात मधुभाऊंपेक्षा वाईट अवस्थेतले किती तरी होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी नाही म्हटलं नाही. पेपरात गुंडाळून देत राहिलो. एका बाईला नाही म्हणायची अक्कल मला कुठून आली आणि बाकीच्यांच्या वेळी ती कुठे जाते, हे मला त्या दिवशीही कळलं नाही.

थोड्याच दिवसांनी एक उंच, वाळलेला माणूस उपरणं डोक्याला गुंडाळून खिडकीशी आला. गळ्यात माळ. इकडेतिकडे न पाहता थेट माझ्याकडे पाहून म्हणाला, "लाल बाटली द्या. मी मधुकर."

झालं, आला, असंच मला वाटलं. मी बाहेर येऊन त्यांना हाताला धरून हारूनभाईंच्या दुकानात नेलं. "मधुभाऊ, नका घेऊ. तुमचे पाय धरतो."

ते स्टुलावर बसले. चालून आल्यामुळे धाप लागली होती. "मी कुठी घेऊन राह्यलो?" म्हणाले. "एक थेंब नाई घेतला. माळ हाय गळ्यात."

"मंग बाटल्या?"

"ती वाटीत ओतून देते अन् देवापाशी दिवा लावाले जाते. मी कूलरात ओततो."

हारूनभाईंच्या हातातला पाना खाली पडला. टाकीतला वास, तळाचा लाल गाळ, सगळ्याचा उलगडा झाला. पण माझा गोंधळ मिटण्याऐवजी वाढला. "मंग मले कायले मागता? तिले खरं सांगून टाका ना!"

मधुभाऊंनी माळेचे मणी चाचपले. मग म्हणाले, "भाऊ, या बाईनं मले ठेक्यासमोरून ओढून नेलं हाय, साऱ्या बाजारासमोर. दारूच्या दुकानाचं तोंड पाहनार नाई म्हने. अन् आता तीच तोंड बांधून तुमच्या दुकानात येते, माह्यासाठी. तिले कसं सांगू का मी ते फेकून राह्यलो? वाटी देली का तिले वाटते, नवरा जगते आता. ती झोपते, मंग मले बी झोप लागते. बाटली बंद झाली, अन् पुन्ना रातभर माह्या छातीकडे पायत बसून राह्यते."

"अन् तुमाले काई होत नाई? वाटी हातात घेता तवा?"

त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. "होते ना. हात कापते. वास येते, तोंडाले पानी सुटते. खोटं काहून बोलू? रोज वाटते, आज घेतो. रोज ओततो."

मी काय करायला हवं होतं? द्यावी तर रोज त्या माणसाच्या ओठापाशी दारू नेणारा मी. न द्यावी तर दोघांची झोप नेणारा मी. हारूनभाईंकडे पाहिलं, त्यांनी वर बोट दाखवलं. मी मधुभाऊंना म्हटलं, "आधी डाक्टर काय म्हनते ते पाहू." ते रिकाम्या हाताने गेले. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांच्या पाठीवरून समजलं नाही.

मग लताताईच आल्या. अमरावतीला जाऊन आल्या होत्या. मनाचा हिय्या करून त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं, की जे घेत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरू करण्याची काही गरज नाही, आणि मधुभाऊंनी तर नाहीच नाही. गोळ्या वेळेवर घ्या, रोज चालायला जा.

"चला, सुटलो," मी म्हटलं. "मंग आता बाटली बंद."

"नाई. एक द्या."

"अवं ताई, डाक्टर नाई म्हनले ना?"

"त्याईच्यासाठी नाई म्हनले." त्यांनी हारूनभाईंकडे एकदा पाहिलं आणि दुपट्टा सोडला. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहत होतो. लाजलेला, आणि हसू दाबणारा. "मले पाहिजे. तुमीच म्हनले होते, चमचाभर चाखत जा. चाखली रोज. पयले कडू लागे. मंग... कूलरातली गार गार, दिवसभराच्या उनाचं... मले आवडाले लागली, दादा. सासरी पोरगी हाय माही, तिले सांगू नका."

मी भलतंच बोलून गेलो. "मधुभाऊ त पेतच नव्हते, ताई. ते..."

"कूलरात ओतत होते. मले मालूम हाय."

"कदीपासून?"

"कूलरची हवा माह्याच अंगावर येते ना! पयल्याच दिवशी वास आला. दुसऱ्या दिवशी दिवा लावाले गेली नाई मी, दाराआड उभी राह्यली. त्याईनं वाटी तोंडापाशी नेली. हात असा कापून राह्यला, मले वाटलं, गेलं सारं. अन् मंग टाकीत ओतली. मी तिथंच पदर तोंडात कोंबून रडली. दादा, अटॅकचं भेव होतंच. पन घाबरलेला मानूस पुन्ना तिकडंच जाईन, हे भेव त्याच्याहून मोठं होतं. ते मी कोनाले बोलली नव्हती. त्या राती झोपली मी. इतल्या वर्साची झोप झोपली."

"मंग रोज काहून देत राह्यल्या? एखाद्या दिवशी पेले असते त?"

"म्हनून त रोज दाराआड उभी राहत होती," त्या म्हणाल्या, आणि दुपट्टा पुन्हा तोंडाला बांधला.

मी दुकानात जाऊन फ्रिजमधली बाटली काढली, पेपरात गुंडाळली आणि दिली. ती कोथिंबिरीसारखी धरून त्या पुलाकडे गेल्या.

रेड वाईन हृदयाला चांगली का, हा प्रश्न मला अजून विचारला जातो. निवृत्त झालो तरी लोक फोन पुढे करतात. मी सांगतो, डॉक्टरांना विचारा. कारण माझ्या माहितीत दोन माणसं या वाईनने झोपायला लागली. त्यातल्या एकाने ती घेतलीच नाही, आणि दुसरीला झोप लागली ती तो घेत नाही हे पाहून. आणि जिच्या पोटात ती चमचाभर गेली, तिला हृदयाचा काही आजारच नव्हता. यातून कोणाला काय फायदा झाला हे ज्याला सांगता येईल, त्याने मला कळवावं.

गेल्या उन्हाळ्यात जुन्या शहरातूनच पायी घरी चाललो होतो. मीही तिकडचाच, फक्त गल्ली वेगळी. एका ओट्यावरून हाक आली. मधुभाऊ फिरून आले होते, घामाघूम. मला आत नेलं. कूलर चालू होता, हारूनभाईंनी बसवलेल्या नव्या ताट्यांचा ओला वास येत होता. लताताईंनी मला आणि मधुभाऊंना ताक दिलं. दोघांनी एकमेकांना सगळं सांगून टाकलं होतं, हे त्यांच्या हसण्यावरून दिसत होतं.

मग मधुभाऊ उठले, कूलरची बाजूची ताटी सरकवली आणि टाकीत हात घालून कोरी बाटली वर काढली. माझा ताकाचा पेला हातातच राहिला. हे त्यांचं रोजचं होतं म्हणे. आता तेच काढतात, तेच ओततात. हे बरं की वाईट, मला ठरवता येईना. त्यांनी बाटली उपरण्याला पुसली, झाकण फिरवलं आणि स्टीलच्या वाटीत थोडी ओतली. वाटी बायकोपुढे धरली.

लताताईंनी वाटी लगेच घेतली नाही. त्या वाटीकडे पाहतच नव्हत्या, मधुभाऊंच्या हाताकडे पाहत होत्या. मीही पाहिलं. हात कापत नव्हता. मग लताताईंनी वाटी हातात घेऊन एक घोट घेतला. मधुभाऊंनी झाकण घट्ट लावलं, बाटली पाण्यात सोडली आणि आपलं उरलेलं ताक पिऊन टाकलं.